विंडोज कार्यप्रणालीतील अल्पपरिचित शॉर्टकट : पार्श्वभूमी, रचना आणि उपयोजन

प्रास्ताविक

संगणक हे आज अध्ययन, अध्यापन, संशोधन आणि कार्यालयीन कामकाजाचे अनिवार्य साधन झाले आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयापासून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत बहुतांश ठिकाणच्या मेजावरील संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली आढळते. तथापि या कार्यप्रणालीशी होणारा सर्वसामान्य वापरकर्त्याचा संवाद मुख्यतः माऊसच्या द्वारे होतो. कळफलकाचा उपयोग मजकूर टंकित करण्यापुरताच मानला जातो. शॉर्टकट म्हणून कंट्रोल + सी, कंट्रोल + व्ही, कंट्रोल + एस यांसारख्या पाच-सहा जोड्या ठाऊक असतात आणि त्यांकडेही वेळ वाचविण्याची युक्ती याच दृष्टीने पाहिले जाते.

वस्तुतः ही दृष्टी अपुरी आहे. विंडोजमधील शॉर्टकट म्हणजे माऊसच्या कामाची केवळ जलद आवृत्ती नव्हे. तो संगणकापर्यंत पोहोचण्याचा दुसरा, स्वतंत्र आणि जवळजवळ परिपूर्ण असा मार्ग आहे. माऊस बंद पडला, पडद्यावरील खिडकी दिसेनाशी झाली, हात थरथरत असला किंवा दृष्टीच नसली, की या दुसऱ्या मार्गाचे महत्त्व लक्षात येते. हा मार्ग कोठून आला, तो नजरेआड का झाला, त्याची अंतर्गत रचना कशी आहे आणि मराठी वापरकर्त्यास त्याचा कोणता उपयोग आहे, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन प्रामुख्याने विंडोज १० आणि विंडोज ११ या आवृत्त्यांना अनुलक्षून आहे. विंडोज १० साठीचे कंपनीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तथापि येथे दिलेले बहुतेक शॉर्टकट दोन्ही आवृत्त्यांत सारखेच आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आजचे शॉर्टकट एकाच वेळी किंवा एकाच कंपनीत निर्माण झालेले नाहीत. त्यांत किमान तीन प्रवाह मिसळलेले दिसतात.

पहिला प्रवाह आयबीएम कंपनीचा होय. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसी या संगणकासाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने कंट्रोल + ऑल्ट + डिलीट हा संयोग तयार केला. संगणक पुन्हा सुरू करण्याची ती सोय होती. एका हाताने चुकून दाबल्या जाणार नाहीत अशा अंतरावरील कळा त्यासाठी निवडल्या गेल्या. पुढे १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये या संयोगाला सुरक्षिततेचे कार्य देण्यात आले. हा संयोग थेट कार्यप्रणालीकडे जातो. कोणताही सामान्य प्रोग्राम तो मध्येच अडवू शकत नाही. त्यामुळे त्यानंतर दिसणारा पडदा हा खरोखर कार्यप्रणालीचाच आहे, अशी खात्री बाळगता येते.

दुसरा प्रवाह ॲपल कंपनीचा होय. कापणे, नक्कल करणे आणि चिकटविणे या क्रियांची कल्पना लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात विकसित केली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांद्वारे झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळा रूढ झाल्या. विंडोजने त्या नंतर स्वीकारल्या.

तिसरा प्रवाह आयबीएमने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ या नियमावलीचा होय. तोपर्यंत प्रत्येक प्रोग्रामच्या कळा वेगवेगळ्या असत. एक प्रोग्राम शिकलेल्या माणसाला दुसरा नव्याने शिकावा लागे. या नियमावलीने एफ-१ म्हणजे मदत, एफ-१० म्हणजे मेनूपट्टी, ऑल्ट + एफ-४ म्हणजे खिडकी बंद करणे, असे समान संकेत ठरविले. तत्कालीन अनेक संगणकांना माऊस नव्हता. म्हणून माऊसने होणारी प्रत्येक क्रिया कळफलकानेही झाली पाहिजे, हे तत्त्व त्यात गृहीत होते. विंडोजच्या रचनेवर या तत्त्वाचा खोल ठसा उमटला. नक्कल करण्यासाठी कंट्रोल + इन्सर्ट, चिकटविण्यासाठी शिफ्ट + इन्सर्ट आणि कापण्यासाठी शिफ्ट + डिलीट हे त्या काळातील शॉर्टकट आजही बहुतेक प्रोग्राममध्ये चालतात.

यानंतर १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डवर विंडोजचे चिन्ह असलेली स्वतंत्र कळ आली आणि १९९५ मधील विंडोज ९५ या आवृत्तीबरोबर तिचा प्रसार झाला. आजचे बहुसंख्य नवे शॉर्टकट याच कळेभोवती बांधलेले आहेत.

शॉर्टकट अल्पपरिचित का राहिले?

याचे पहिले कारण ओळखणे आणि आठवणे यांतील फरकात आहे. माऊसने काम करताना आज्ञा पडद्यावर दिसत असतात. वापरकर्त्याने त्यांतून योग्य ती केवळ ओळखायची असते. शॉर्टकट मात्र स्मरणातून काढावा लागतो. जे दिसत नाही ते शिकले जात नाही, हा येथील साधा नियम आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पूर्वीच्या विंडोजमध्ये मेनूतील प्रत्येक शब्दाच्या एका अक्षराखाली रेघ असे. ऑल्ट कळ व ते अक्षर दाबले की ती आज्ञा चालत असे. म्हणजे शॉर्टकट शिकविणारा शिक्षक पडद्यावरच उपस्थित होता. विंडोज २००० पासून ही अधोरेखने मूळ मांडणीत लपविण्यात आली व ऑल्ट दाबल्यावरच दिसू लागली. पडदा स्वच्छ दिसू लागला, परंतु कळफलकाचा मार्ग मात्र नव्या वापरकर्त्याच्या दृष्टीआड गेला. ही अधोरेखने पुन्हा कायम दाखविण्याची सोय आजही उपलब्ध आहे. विंडोज + यू दाबून सुगम्यतेच्या सेटिंग्ज उघडाव्यात आणि कळफलकाच्या विभागात प्रवेश-कळा अधोरेखित करण्याचा पर्याय चालू करावा. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एवढा एक बदल केला तरी विद्यार्थ्यांना शॉर्टकट आपोआप दिसू लागतील.

ऑफिस २००७ पासून मेनूपट्टीच्या जागी रिबन आली. तेथे ऑल्ट कळ एकदा दाबून सोडली असता प्रत्येक आज्ञेवर तिचे अक्षर उमटते. ही सोयदेखील अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते.

शॉर्टकटचे व्याकरण

शॉर्टकटांची लांब यादी पाठ करणे कंटाळवाणे आणि निष्फळ ठरते. त्याऐवजी त्यांची रचना समजून घेतली असता अनेक शॉर्टकट तर्काने सापडतात. प्रत्येक साहाय्यक कळेचे कार्यक्षेत्र स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. विंडोज कळ : हिचे क्षेत्र संपूर्ण कार्यप्रणाली हे होय. कोणताही प्रोग्राम उघडा असला तरी ती चालते. विंडोज + डी ने सर्व खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो. विंडोज + होम ने चालू खिडकी वगळून बाकीच्या खाली जातात. विंडोज + १ ते ९ या जोड्यांनी टास्कबारवरील त्या त्या क्रमांकाचा प्रोग्राम उघडतो. विंडोज + बी ने घड्याळाजवळील सूचनाक्षेत्रात पोहोचता येते.

२. कंट्रोल कळ : हिचे क्षेत्र चालू प्रोग्राममधील मजकूर व फाइल हे होय. मजकुरात ती ‘मोठे पाऊल’ असा अर्थ देते. साध्या बाणाने कर्सर एक अक्षर सरकतो, कंट्रोलसह एक शब्द सरकतो. होम कळेने ओळीच्या आरंभी जातो, कंट्रोल + होम ने संपूर्ण मजकुराच्या आरंभी जातो. कंट्रोल + बॅकस्पेस ने मागील पूर्ण शब्द पुसला जातो.

३. ऑल्ट कळ : हिचे क्षेत्र मेनू आणि खिडकीची चौकट हे होय. ऑल्ट + टॅब ने खिडक्या बदलतात, ऑल्ट + स्पेस ने खिडकीचा स्वतःचा मेनू उघडतो, ऑल्ट + एंटर ने निवडलेल्या फाइलचे गुणधर्म दिसतात आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ऑल्ट + वरचा बाण दाबला असता बाहेरच्या फोल्डरमध्ये जाता येते.

४. शिफ्ट कळ : हिची दोन मुख्य कार्ये आहेत. एक म्हणजे दिशा उलटविणे. टॅबने पुढील चौकटीत गेल्यास शिफ्ट + टॅब ने मागील चौकटीत येता येते. ऑल्ट + टॅब उलट फिरवायचे असल्यास ऑल्ट + शिफ्ट + टॅब. दुसरे कार्य निवड वाढविण्याचे. कर्सर हलविणाऱ्या कोणत्याही संयोगात शिफ्ट मिसळली की तेवढा मजकूर निवडला जातो. कंट्रोल + शिफ्ट + एंड ने कर्सरपासून शेवटपर्यंतचा मजकूर निवडला जातो, हे वरील दोन नियमांवरूनच कळते.

५. एफ कळा : एफ-२ ने फाइलचे नाव बदलता येते. एक नाव बदलून झाल्यावर टॅब दाबले की पुढील फाइलचे नाव बदलण्यास खुले होते. परीक्षेच्या किंवा शिबिराच्या वीस-पंचवीस छायाचित्रांना नावे देताना ही सोय फार उपयोगी पडते. एफ-६ ने खिडकीच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाता येते. शिफ्ट + एफ-१० ने माऊसच्या उजव्या कळेचा मेनू उघडतो. पूर्वी यासाठी कळफलकावर स्वतंत्र कळ असे. २०२४ पासून अनेक नव्या लॅपटॉपांवर तिची जागा कोपायलटच्या कळेने घेतली आहे. म्हणून शिफ्ट + एफ-१० हा जुना संयोग आता अधिक महत्त्वाचा झाला आहे.

अडचणीच्या प्रसंगी उपयोग

अल्पपरिचित शॉर्टकटांचे मोल अडचणीच्या वेळी विशेष कळते. महाविद्यालयीन जीवनातील काही नित्याचे प्रसंग येथे विचारात घेता येतील.

वर्गात प्रोजेक्टर जोडल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही, हा अनेक प्राध्यापकांचा अनुभव असतो. विंडोज + पी दाबले असता केवळ संगणक, दोन्हीकडे तेच दृश्य, विस्तारित दृश्य आणि केवळ दुसरा पडदा असे चार पर्याय मिळतात. व्याख्यान संपवून प्रोजेक्टर काढल्यानंतर एखादी खिडकी टास्कबारवर दिसते, पण पडद्यावर येत नाही. ती आता नसलेल्या दुसऱ्या पडद्याच्या जागी उघडलेली असते. अशा वेळी ऑल्ट + टॅब ने ती खिडकी निवडावी, ऑल्ट + स्पेस दाबावे, नंतर एम कळ दाबून कोणताही एक बाण दाबावा. त्यानंतर माऊस हलविताच खिडकी त्याच्या मागोमाग पडद्यावर येते. एंटर दाबून तिला स्थिर करावे. खिडकी पूर्ण आकारात असल्यास आधी आर कळेने ती लहान करावी लागते. ऑल्ट + स्पेस ही जोडी अन्य एखाद्या प्रोग्रामने आपल्याकडे घेतली असल्यास विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण हा पर्याय वापरून पाहावा. मात्र तो एकाहून अधिक पडदे जोडलेले असतानाच उपयोगी पडतो.

पडदा अचानक काळा पडला व संगणक चालू असल्याचे जाणवत असले, तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी ने चित्रदर्शक यंत्रणेचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडलेले काम त्यामुळे नष्ट होत नाही. एखादा प्रोग्राम गोठल्यास कंट्रोल + शिफ्ट + एस्केप ने टास्क मॅनेजर थेट उघडून तेवढाच प्रोग्राम बंद करता येतो. वीजबटण दाबून संगणक बंद करण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच सुरक्षित आहे.

माऊस पूर्णपणे निकामी झाला असेल तरी काम थांबण्याचे कारण नाही. विंडोज कळ दाबून प्रोग्रामचे नाव टंकित केल्यास तो सापडतो. डावी ऑल्ट + डावी शिफ्ट + नम लॉक दाबल्यास ‘माऊस कीज’ ही सोय चालू होते. मग अंककळांनी पडद्यावरील बाण हलतो आणि ५ या कळेने क्लिक होते. स्वतंत्र अंककळा नसलेल्या लॅपटॉपवर मात्र ही सोय वापरणे कठीण जाते.

सामायिक संगणकाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. जागेवरून उठताना विंडोज + एल ने संगणक कुलूपबंद करावा. दुसरी गोष्ट विंडोज + व्ही या शॉर्टकटची. २०१८ मध्ये विंडोज १० मध्ये आलेली ही सोय चालू केल्यास नक्कल केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी साठविल्या जातात आणि त्यांतील हवी ती पुन्हा चिकटविता येते. टिपणे काढणाऱ्या संशोधकास ही मोठीच मदत आहे. परंतु नक्कल केलेला संकेतशब्द किंवा बँक खाते क्रमांकही याच यादीत राहू शकतो व नंतर बसणाऱ्या व्यक्तीस दिसू शकतो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर, टाचून ठेवलेल्या नोंदी वगळता, यादी रिकामी होते. तरीही ग्रंथालयातील किंवा सेवा केंद्रातील संगणकावरून उठण्यापूर्वी विंडोज + व्ही दाबून यादी पुसण्याची सवय लावून घ्यावी.

बिघाड भासणारे शॉर्टकट

शॉर्टकट माहीत नसल्याने होणारे नुकसान केवळ वेळेचे नसते. अनवधानाने दाबला गेलेला शॉर्टकट अनेकदा यंत्रातील बिघाड समजला जातो. उजवी शिफ्ट कळ सलग आठ सेकंद दाबून धरल्यास ‘फिल्टर कीज’ ही सोय पुढे येते. समोर आलेल्या प्रश्नास न वाचताच होकार दिला की कळफलक मंद किंवा बंद पडल्यासारखा वाटतो. शिफ्ट पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’चा प्रश्न येतो. डावी ऑल्ट + शिफ्ट दाबली गेल्याने टंकनाची भाषा बदलू शकते आणि संकेतशब्द बरोबर असूनही चुकीचा ठरतो. इन्सर्ट कळेमुळे काही प्रोग्राममध्ये नवीन अक्षर जुन्या अक्षरास पुसत जाते. या प्रत्येक प्रसंगी नवा कळफलक विकत घेण्याची किंवा तंत्रज्ञास बोलाविण्याची गरज नसते. तीच कृती पुन्हा केली अथवा सुगम्यतेच्या सेटिंग्जमध्ये ती सोय बंद केली की पूर्वस्थिती येते.

याउलट एक शॉर्टकट खरोखर जपून वापरावा असा आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये शिफ्ट + डिलीट ने फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट काढून टाकली जाते. मजकुरात कापण्यासाठी असलेला हाच संयोग फाइलच्या बाबतीत वेगळे कार्य करतो, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

मराठी लेखन आणि कळफलक

मराठीत टंकन करणाऱ्याला कळफलकाशी दुप्पट काम पडते, कारण त्यास देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्यांत सतत ये-जा करावी लागते. विंडोज + स्पेस ने स्थापित केलेल्या भाषा क्रमाने बदलतात. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी पूर्वीपासून आहे. २०१९ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी उच्चारानुसारी मांडण्यांचीही भर पडली. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताकडे प्रामुख्याने स्वर व मात्रा आणि उजव्या हाताकडे व्यंजने आहेत. ही मांडणी भारतीय लिप्यांसाठी समान असल्याने मराठी शिकलेल्या हाताला अन्य भारतीय भाषांची मांडणी परकी वाटत नाही.

मराठीचे एक खास वैशिष्ट्य येथे विचारात घ्यावे लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतही अर्थाचा मोठा भेद आहे. रफार आणि अर्धचंद्राकार र यांतील हा भेद अनेकांना संगणकावर उमटविता येत नाही आणि मग चुकीचा शब्द तसाच छापला जातो. इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट + जे या कळेवर ‘ऱ’ आहे. त्यानंतर डी कळेने हलन्त चिन्ह आणि पुढे ‘य’ दिल्यास ‘ऱ्य’ उमटते. वर्ड या प्रोग्राममध्ये रोमन अंकांत ०९३१ हा युनिकोड क्रमांक टंकित करून लगेच ऑल्ट + एक्स दाबले तरी ‘ऱ’ हे अक्षर मिळते. इनस्क्रिप्टमध्ये कंट्रोल + शिफ्ट + १ ने न दिसणारे जोडचिन्ह येते. हलन्त चिन्हानंतर ते दिले असता ‘क्ष’ असे पूर्ण जोडाक्षर न होता ‘क्‍ष’ असे अर्ध्या व्यंजनाचे रूप दाखविता येते. भाषाशास्त्र व व्याकरण यांच्या अध्यापकांस याचा उपयोग होतो.

मुद्रितशोधनातही एक बारकावा उपयोगी आहे. देवनागरी अक्षर पडद्यावर एक दिसले तरी संगणकाच्या लेखी ते अनेक चिन्हांचे बनलेले असते. ‘स्त्री’ या अक्षरात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. बहुतेक प्रोग्राममध्ये बॅकस्पेस कळ शेवटचे एकच चिन्ह पुसते, तर डिलीट कळ कर्सरपुढील संपूर्ण अक्षर काढून टाकते. म्हणून ‘स्त्रि’ असे चुकून लिहिले गेल्यास अक्षराच्या पुढे जाऊन एकदा बॅकस्पेस दाबावे आणि दीर्घ वेलांटी द्यावी. सर्व अक्षर नव्याने लिहिण्याचे कारण नाही. टंकलेखनाच्या परीक्षेत वेग मिनिटाला ३० किंवा ४० शब्द अशा मापात मोजला जातो. प्रत्यक्ष कामात मात्र दुरुस्ती, निवड आणि लिपीबदल यांतच बराच वेळ जातो आणि तो वाचविण्याचे साधन हे शॉर्टकटच आहेत.

दृष्टिहीन वापरकर्ता आणि कळफलक

आतापर्यंतच्या विवेचनात शॉर्टकट हा पर्याय होता. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मात्र तो पर्याय नसून मेजावरील संगणकावर काम करण्याचा मुख्य मार्ग आहे. पडद्यावरील बाण कोठे आहे हे दिसत नसल्यास माऊसचा उपयोग होत नाही. पडदावाचक प्रोग्राम पडद्यावरील मजकूर आवाजाने वाचून दाखवितो आणि वापरकर्ता कळफलकाने पुढे जातो. विंडोजमध्ये अंतर्भूत असलेला ‘नॅरेटर’ हा पडदावाचक विंडोज + कंट्रोल + एंटर ने सुरू होतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स तेह यांनी २००६ पासून विकसित केलेला ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक विनामूल्य व मुक्त स्रोत आहे. त्यासोबत येणाऱ्या ध्वनियंत्रणेत मराठीचाही समावेश आहे. संगणकात स्थापित केल्यावर तो कंट्रोल + ऑल्ट + एन ने सुरू करता येतो. संकेतस्थळ वाचताना एच कळेने पुढील शीर्षकाकडे, के कळेने पुढील दुव्याकडे, एफ कळेने अर्जातील पुढील चौकटीकडे जाता येते. डोळस वाचक पानावरून नजर फिरवितो; दृष्टिहीन वाचक या कळांनी तेच काम करतो. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी विंडोज + अधिक चिन्ह ने दृश्य मोठे होते आणि विंडोज + एस्केप ने ती सोय बंद होते.

हा मार्ग चालू राहणे मात्र केवळ वापरकर्त्याच्या कौशल्यावर अवलंबून नाही. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने अर्जातील ‘सादर करा’ हे बटण केवळ माऊसलाच प्रतिसाद देईल असे बनविले, तर सर्व शॉर्टकट निरुपयोगी ठरतात. अशा वेळी दृष्टिहीन विद्यार्थ्यास प्रवेशाचा अथवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. स्वतःचा संकेतशब्द, उत्पन्नाचा तपशील, आजाराचे प्रमाणपत्र या खाजगी गोष्टी इतरांच्या हाती द्याव्या लागतात. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २००८ च्या आवृत्तीत सर्व कार्ये कळफलकाने करता आली पाहिजेत, ही अट अगदी प्राथमिक पातळीवर ठेवली आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी भारत सरकारने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद केली आहे.

या संदर्भात एक सोपी चाचणी कोणत्याही महाविद्यालयास करता येईल. माऊस बाजूला ठेवावा, स्वतःच्या संकेतस्थळावरील अर्ज उघडावा आणि केवळ टॅब, शिफ्ट + टॅब, बाण, स्पेस व एंटर या कळांनी तो शेवटपर्यंत भरून पाहावा. आपण कोणत्या चौकटीत आहोत हे प्रत्येक क्षणी कळते का, एखाद्या ठिकाणी अडकून तर पडत नाही ना आणि शेवटचे बटण दाबता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे काही मिनिटांत मिळतात. या चाचणीसाठी कोणताही खर्च नाही व तज्ज्ञाचीही आवश्यकता नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. विंडोजमधील शॉर्टकट ही विस्कळीत युक्त्यांची यादी नसून माऊसविना संपूर्ण संगणक चालविता यावा या तत्त्वातून आलेली, बऱ्याच अंशी नियमबद्ध अशी रचना आहे. पडदा स्वच्छ करण्याच्या ओघात ही रचना दृष्टीआड झाली आणि तिचे अध्यापनही मागे पडले. यास्तव संगणक साक्षरतेच्या शिक्षणात शॉर्टकटांची यादी पाठ करून घेण्याऐवजी चार साहाय्यक कळांची कार्यक्षेत्रे समजावून द्यावीत, अधोरेखने चालू ठेवावीत आणि आठवड्यातील एक तास विद्यार्थ्यांकडून माऊसविना काम करून घ्यावे.

अशा एका तासात डोळस विद्यार्थ्यास दोन गोष्टींची जाणीव होईल. पहिली म्हणजे आपला संगणक आपण समजत होतो त्यापेक्षा अधिक आपल्या हाताशी आहे. दुसरी म्हणजे शेजारच्या बाकावरील दृष्टिहीन सहाध्यायी रोज याच मार्गाने काम करीत असतो आणि एखाद्या निष्काळजीपणे बनविलेल्या अर्जापाशी त्याची वाट कशी बंद होते. उद्या हेच विद्यार्थी अर्ज, संकेतस्थळे आणि प्रोग्राम तयार करणार आहेत. कळफलकाची वाट त्यांनी स्वतः चालून पाहिली असेल, तर ती इतरांसाठी खुली ठेवण्याचे भान त्यांना राहील.